जिन्यातला दिवा

आमच्या इमारतीत दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांमधल्या वळणावर जो एकुलता एक दिवा आहे, तो गेला तेव्हा मी नेमका त्याच्याखालीच उभा होतो. अंधारात कठडा चाचपत असतानाच माझ्या मनात आले, की हा दिवा कोणीतरी बदलायला हवा. इमारतीत बारा बिऱ्हाडे आहेत. त्यांपैकी बाराव्यात मी राहतो, तेव्हा हे 'कोणीतरी' उरलेल्या अकरांपैकी एखाद्या घरात हमखास सापडेल, अशा हिशेबाने मी निश्चिंत झोपलो. पुढे तीन आठवडे जिना अंधारातच राहिला, त्याअर्थी उरलेली अकरा बिऱ्हाडेही याच हिशेबाने निश्चिंत झोपत असावीत.

अर्थशास्त्रात अशा दिव्याला सार्वजनिक वस्तू म्हणतात. माझ्या पायरीवर पडलेल्या उजेडामुळे मागून येणाऱ्याच्या वाट्याचा उजेड कमी होत नाही, आणि ज्याने दमडीही दिलेली नाही त्याच्यापुरता अंधार करण्याचीही काही सोय नसते. साहजिकच आयत्या बिळावर नागोबा होऊन बसणे प्रत्येकालाच परवडते. अडचण एवढीच, की सगळेच नागोबा झाले तर बीळ खणायला कोणी उरत नाही. हे सारे मी तरुणपणी परीक्षेपुरते पाठ केले होते आणि त्यात मला बरे गुणही मिळाले होते.

चौथ्या आठवड्यात मी दारोदार फिरून, जिन्यात दिव्याची गरज कितपत आहे, अशी चौकशी केली. गरज भीषण निघाली. एकाचे गुडघे दुखत होते, एकाला रातांधळेपणाची शंका होती, आणि ज्यांना हा जिना चढण्याचे कारणच पडत नाही ते तळमजल्यावरचे गृहस्थसुद्धा अंधाराविषयी इतके कळवळून बोलले, की मीच त्यांचे सांत्वन केले. मग दुसऱ्या दिवशी मी त्याच घरी वर्गणीची वही घेऊन गेलो, आणि रातोरात इमारतीचे आरोग्य सुधारल्याचे पाहून थक्क झालो. गुडघे पायऱ्यांना सरावले होते. डोळे घुबडालाही लाजवतील असे झाले होते. तळमजल्यावरच्या गृहस्थांनी तर मंद अंधारात मनाला कशी शांती लाभते, हे मला दारातच समजावून सांगितले. अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युअल्सन यांनी १९५४ साली नेमके हेच दाखवले होते, की अशा वस्तूची आपल्याला खरी गरज किती आहे हे लपवण्यातच प्रत्येकाचा स्वार्थ असतो. त्यांनी ते गणिताने दाखवले, मला ते पायऱ्या मोजून कळले.

वही कोरीच राहिल्यावर मला दीपगृहांची आठवण झाली. दीपगृह हे सार्वजनिक वस्तूचे ठरीव उदाहरण. पण रोनाल्ड कोस या दुसऱ्या अर्थशास्त्रज्ञांनी १९७४ साली निदर्शनास आणले, की इंग्लंडमध्ये खाजगी माणसांनी दीपगृहे बांधली होती आणि त्यांचे शुल्क जहाज बंदराला लागले की वसूल होत असे. आमच्या जिन्याचे बंदर म्हणजे खालचा दरवाजा, असे ठरवून मी एका संध्याकाळी तेथे वही घेऊन उभा राहिलो. मात्र त्या वसुलीमागे राजाचा परवाना असे. माझ्यामागे फक्त माझी पत्नी होती, आणि तीही वरून "अहो, शोभा पुरे, वर या," असे म्हणत होती.

येथे एक कबुली द्यायला हवी. त्या मापाचा एक नवा कोरा दिवा पहिल्या दिवसापासून माझ्या कपाटात पडून होता. तो मी लावला असता तर अकरा बिऱ्हाडे फुकट उजळली असती, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. ज्याला हे शास्त्र ठाऊक नाही असा एखादा भाबडा माणूस आमच्याकडे राहत असता, तर त्याने पहिल्याच रात्री स्टूल आणले असते.

शेवटी एका रात्री एक पायरी मला दिसली नाही आणि माझा घोटा मुरगळला. मॅन्सर ओल्सन या आणखी एका अर्थशास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडले होते, की लहान गटात ज्या एकाचा फायदा सर्वांत मोठा असतो तोच बहुधा सगळा भार उचलतो, आणि बाकीचे त्याच्या जिवावर चैन करतात. घोटा सुजल्यामुळे माझा फायदा एकाएकी सर्वांत मोठा झाला होता. मी लंगडत स्टुलावर चढलो. खाली पाच शेजारी जमले आणि दिवा कोणत्या बाजूला फिरवावा याविषयी त्यांनी मला सढळ हाताने मार्गदर्शन केले. स्टूल मात्र कोणीही धरले नाही, कारण पाचांपैकी कोणीतरी ते धरलेच असेल, असे प्रत्येकाला वाटत होते.

त्यानंतर सात-आठ महिने जिना लख्ख होता. मग परवा रात्री दाराची घंटा वाजली. बाहेर तळमजल्यावरचे गृहस्थ अंधारात उभे होते आणि त्यांच्या स्वरात हक्काची नाराजी होती.

"अहो," ते म्हणाले, "तुमचा दिवा गेलाय."