‘हुंदडलात’ या शब्दावरून

नमस्कार.

लिस्बनच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. तेव्हाच उत्तर दिलं असतं तर ते इथे टाकण्याजोगं झालं नसतं, म्हणून दोन दिवस थांबले. इतरांसाठी ती पुन्हा देते: “मॅडम, ज्यांनी गोव्यात इन्क्विझिशन चालवलं त्यांच्या राजधानीत दिवसभर एकट्याच हुंदडलात, कस्टर्डचे पेढे खाल्लेत, आणि त्याबद्दल लेखात एक ओळ नाही.” (इन्क्विझिशन म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याचा आरोप असलेल्यांना शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय.) त्यापुढे ट्राममधले पाकीटमार, खर्चाचा तपशील आणि लिस्बनमधली सांता जुस्ताची लिफ्ट यांबद्दलच्या तक्रारी.

लिफ्टचं आधी. ती आयफेलने बांधली असं मी लिहिलं होतं. ती राउल मेस्निए द्यू पोंसार्द या इंजिनिअरची, १९०२ची. तुमचं बरोबर, माझं चूक. नीट सांगितलं की मी ऐकते, एवढंच दाखवायचं होतं.

आता ‘हुंदडलात’. आमच्या घरी हे क्रियापद मोकाट गुरांसाठी आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी गल्लीत सापडलेल्या पोरांसाठी राखीव होतं. मी त्रेपन्न वर्षांची आहे. त्या दिवशी सकाळी सातला अल्फामा या जुन्या वस्तीच्या पायऱ्या चढायला लागले आणि रात्री नऊला खोलीवर परतले. तिथल्या फुटपाथचे पांढरे-काळे दगड झिजून इतके गुळगुळीत झालेत की उतारावर सत्तरीतल्या बायकासुद्धा भिंतीला हात लावून चालतात. उजव्या अंगठ्याला फोड आला होता, तोही लेखात घालायला हवा होता की काय? याच ब्लॉगवर एका गृहस्थांचा इस्तंबूलवरचा लेख आहे. तेही एकटेच, तेही दिवसभर. तिथे तुम्ही “मस्त भटकंती!” असं लिहिलंय, अजून आहे खाली. ऑटोमन सुलतानांनी कुणाचं काय केलं, हे त्यांना विचारावंसं वाटलं नाही तुम्हाला. त्यांची भटकंती, माझं हुंदडणं! आणि ते ‘पेढे’ नव्हेत, पास्तेल द नाता. वरून करपवलेली साय लागते तशी चव असते. नावं ठेवायची तर निदान खाऊन ठेवा.

राहिला इतिहास. मी वसईची. किल्ल्यातल्या पडक्या चर्चमध्ये लपंडाव खेळून वाढलेली. चिमाजी अप्पांनी १७३९मध्ये पोर्तुगीजांकडून वसई कशी घेतली, हे आजीने भात कालवता कालवता इतक्यांदा सांगितलं की तोफांचे आवाज मला आमटीच्या वासासकट आठवतात. आमचे निम्मे शेजारी वसईचे ख्रिस्ती; नाताळात त्यांच्याकडून फराळ यायचा, दिवाळीत आमच्याकडून जायचा. तुम्ही पुण्याचे, हे तुम्हीच प्रतिक्रियेत दोनदा लिहिलंय. तेव्हा पोर्तुगीज म्हणजे कोण, हे मला पुण्यातून कळवण्याची तसदी घेऊ नये.

लेखात एक वाक्य आहे: “रोसिओच्या कोपऱ्यावर बराच वेळ थांबले.” कशासाठी थांबले असेन, बसची वाट बघत? त्या चौकाच्या उत्तरेला आज राष्ट्रीय नाट्यगृह आहे, तिथेच पूर्वी लिस्बनच्या इन्क्विझिशनचा वाडा होता. जवळच साऊं दोमिंगुश चर्च. १९५९च्या आगीत जळलेले त्याचे खांब तसेच तडकलेले ठेवलेत. बाहेर एक दगड आहे, त्यावर डेव्हिडचा तारा कोरलाय. १५०६च्या एप्रिलमध्ये इथे धर्मांतरित ज्यूंची कत्तल झाली, त्यांच्या आठवणीचा. म्हणजे गोव्यात इन्क्विझिशन सुरू झालं १५६०मध्ये, त्याच्या चोपन्न वर्षं आधी. पोर्तुगीजांनी स्वतःच्या घरच्यांचंही हेच केलं होतं.

त्या दगडापासून थोड्याच अंतरावर जिंजिन्याचं दुकान आहे. चेरीची दारू, पेला अंगठ्याएवढा. “चेरीसकट की नुसतं?” असं दुकानदार विचारतो. मी चेरीसकट घेतलं होतं. पेला हातात घेऊनच त्या दगडापाशी गेले, बी तोंडात होती आणि ती थुंकायची कुठे ते सुचेना. शेवटी रुमालात ठेवली. आणि हो, पेला संपवला.

हे लेखात नव्हतं, खरंय. सगळंच लिहायचं नसतं. शिवाय तो लेख पायी फिरण्याबद्दल होता. इतिहासाचा पेपर द्यायचा असता तर मी वेगळी वही घेतली असती. मायदेशी परतल्यावर वाटलं होतं की घालावं, पण मग लांबी वाढली असती.

बाकीचं: पाकीट शाबूत राहिलं, म्हणून पाकीटमारांवर लिहिलं नाही. अठ्ठावीस नंबरच्या ट्रामची रांग बघून मी चालतच निघाले. खर्च विचारणाऱ्यांना मी मेलवर सांगते, त्यांनी नीट विचारलं तर.

लिफ्टचं वाक्य आज दुपारी दुरुस्त केलंय. खाली तुमचे नावानिशी आभार मानणार होते, पण तुम्ही टोपणनावाने लिहिता.