पहिली पंगत उठेना

ठाण्यात कापूरबावडीच्या सिग्नलला गाडी बंद पडली यात बातमी काही नाही. तिथे माणसंही बंद पडतात. पण माझी गाडी पळताना शहाण्यासारखी पळायची आणि थांबली की अंगात आल्यासारखी घुमायची. आरपीएमचा काटा साडेसातशेवर गुमान बसायचा सोडून पाचशे-नऊशे असे झोके घ्यायचा, मग दोन गचके, मग शांतता. ती फार टिकत नसे, कारण मागे हॉर्न असत.

डॅशबोर्डवर इंजिनात बिघाड सांगणारा पिवळा दिवा लागला तेव्हा मी आधी तो स्टिअरिंगच्या आड येईल अशा बेताने सीट खाली केली. दोन आठवड्यांनी बॅटरीची वायर काढून परत जोडली. दिवा गेला. बायकोला म्हटलं, ‘बघ, घरच्या घरी!’ तिसऱ्या दिवशी मानपाड्याला तो परत हजर.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडणं म्हणजे गणपतीची आरती सुरू करण्यासारखं आहे, कुणाला बोलवावं लागत नाही. दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, ‘पेट्रोल. भेसळ.’ त्यांना गुडघेदुखीचंही कारण विचारलं तर ते हेच सांगतील. एकजण प्लगवर ठाम होता, दुसरा इंजेक्टरवर. दोघांचं इतकं जुंपलं की गाडी कुणाची आहे हेच बाजूला पडलं. गॅलरीतून बायकोने विचारलं, ‘अहो, ऑइल कधी बदललं होतं?’

‘गाडी चालतेच कुठे एवढी!’ मी वर न बघता म्हणालो. हा प्रश्न मला विषय सोडून वाटला.

मग मी स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचायचं ब्लूटूथचं यंत्र मागवलं. त्याने मोबाइलवर बिघाडाचा कोड दिला, पी ००११. अर्थ असा की इनटेकचा कॅमशाफ्ट, म्हणजे हवा आत घेणारे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, हवा त्यापेक्षा पुढे जाऊन बसलाय, व्हॉल्व्ह वेळेआधीच उघडतोय. हे मला कळायला तीन रात्री गेल्या. तुम्हाला कमी वेळात सांगतो.

सिलिंडरमध्ये पंगती बसतात असं समजा. जळालेला वायू म्हणजे जेवून उठलेली मंडळी, ती एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या दाराने बाहेर पडतात. ताजी हवा आणि पेट्रोल ही नवी पंगत, ती इनटेकच्या दाराने आत येते. गाडी जोरात असली की लग्नघरात गर्दी उसळल्यासारखं होतं. पहिली पंगत पुरती उठायच्या आत दुसरीला दार उघडावं लागतं, तरच आटपतं. पण गाडी सिग्नलला उभी असताना तीच घाई केली की घोळ! उठलेले लोक उष्ट्या हातांनी दारात घुटमळतात, परत आत शिरतात, पान कुणाचं ते कळत नाही आणि इंजिन गुदमरतं. म्हणून गर्दी बघून दार उघडणारा यजमान लागतो. कॅमशाफ्टच्या टोकाला बसलेला व्हीव्हीटीचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायची वेळ मागेपुढे करणाऱ्या यंत्रणेचा, अ‍ॅक्च्युएटर तो हाच. हा चालतो इंजिन ऑइलच्या दाबावर, आणि ते ऑइल कुठे सोडायचं हे ठरवतो अंगठ्याएवढा एक व्हॉल्व्ह. आमचा यजमान गर्दीच्या वेळची घाई अंगात घेऊन तसाच अडकला होता. मांडवात चार माणसं, आणि हा ओरडतोय, ‘चला, दुसरी पंगत!’

ही करामत विक्रीच्या गाडीत पहिल्यांदा आणली अल्फा रोमिओने, १९८० मध्ये. त्या इटालियन लोकांना घोडबंदर रोड कुणीतरी दाखवायला हवा होता.

पहिल्या गॅरेजने कोडमध्ये ‘कॅमशाफ्ट’ शब्द वाचला आणि कॅमशाफ्टचा सेन्सर बदलून दिला. चोरीची वर्दी देणाऱ्यालाच कोठडीत टाकलं म्हणायचं. दिवा दोन दिवसांनी परत.

शेवटी वागळे इस्टेटमधला एक मिस्त्री सापडला. त्याने स्कॅनर बाजूला ठेवला आणि आधी डिपस्टिक ओढली. काळंभोर ऑइल दोन बोटांत चोळलं, वास घेतला.

‘साहेब, ऑइल कधी बदललंय?’

‘दोन वर्षं झाली असतील. पण गाडी फक्त सहा हजार चाललीये.’

‘चाललीये सहा हजार. आणि चालू ठेवून उभी किती होती?’

मानपाडा ते तीन हात नाका, अंतर म्हणाल तर सहा-सात किलोमीटर. पण मेट्रो चारच्या कामात मी एकेका खांबाशेजारी इतका थांबलोय की काही खांबांशी आता जुनी ओळख निघते. तेवढा वेळ इंजिन धडधडत होतं, ऑइल भाजत होतं. किलोमीटरचा आकडा तेवढा ढिम्म.

स्कॅनरवर दिसलं, कंप्युटर मागतोय शून्य डिग्री आणि कॅम बसलाय वीसवर. ‘सेन्सर बिचारा खरंच बोलत होता,’ मिस्त्री म्हणाला. एक बोल्ट काढून त्याने व्हॉल्व्ह उपसला. मीटर लावला, साडेसात ओहम. म्हणजे कॉइल शाबूत. मग बॅटरीचे बारा व्होल्ट दिले. चांगला व्हॉल्व्ह ‘टक्’ करून आतली दांडी हलवतो. आमच्याने नुसता हुंकार दिला. त्याची इवलीशी जाळी चहाच्या गाळणीत आठवडाभराची पूड साठावी तशी बुजली होती.

नवा व्हॉल्व्ह, नवं ऑइल, नवा फिल्टर. ‘आता आतला अ‍ॅक्च्युएटरच जाम असला तर चेनचं कव्हर उघडावं लागेल.’

‘खर्च?’

मिस्त्रीने पोराला चहा आणायला पाठवलं. दोन.

चहा पोटात गेल्यावर त्याने गाडी सुरू केली आणि चालू इंजिनात त्या व्हॉल्व्हला थेट करंट द्यायला वायर हातात घेतली. ‘बंद पडली तर यजमान हलतोय. नाही पडली तर जाम.’ महिनाभर जी बंद पडू नये म्हणून देव पाण्यात ठेवले, तिच्यासमोर मी हात जोडून उभा राहिलो, की बाई, आता पड. वायर टेकली. इंजिन थरथरलं, दोन गचके खाल्ले आणि विझलं. मी टाळी वाजवली. शेजारच्या रिक्षावाल्याने माझ्याकडे काळजीने पाहिलं.

वायर काढून पुन्हा स्टार्टर मारला. काटा साडेसातशेवर, जागचा हलेना.

मिस्त्री काचेवर लावायच्या चिठ्ठीवर पुढच्या ऑइलची तारीख लिहीत होता. सहा महिन्यांनंतरची. शेजारचा किलोमीटरचा रकाना त्याने कोराच सोडला.

‘आणि किलोमीटर?’ मी विचारलं.

त्याने गेटबाहेरच्या रांगेकडे पाहिलं. ‘ते तुमच्याने होणार नाहीत, साहेब.’