आधी कचरा प्राधिकरण काढा

अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या शहराचा कारभार तुमच्या हाती आलाच, तर उगाच रस्ते, पाणी, गटारं यांच्या मागे लागू नका. आधी स्वतःच्या पगाराचं बघा, आणि त्यासाठी कॅलिफोर्नियातल्या बेल शहराचा अभ्यास करा. लॉस एंजेलिसजवळचं जेमतेम साडेसहा चौरस किलोमीटरचं गाव, २०१० साली वस्ती पस्तीस हजारांवर, बहुतेक सगळे कष्टकरी लॅटिनो. (हा बेल पिंडीवर वाहायचा नव्हे. इंग्रजीतला, म्हणजे घंटा. रहिवाशांच्या हाती काय लागलं ते नावातच आलं.)

गाव असं गरीबच निवडा. श्रीमंत गावात निवृत्त वकील असतात आणि त्यांना वेळही असतो. दोन पाळ्यांत राबणारा माणूस संध्याकाळी तुमच्या सभेला कशाला मरायला येतोय? मालमत्ता कर बेव्हर्ली हिल्सपेक्षा चढ्या दराने लावलात, तरी तो बिचारा भरतो.

मग कायद्याचं बघा. कॅलिफोर्नियाने २००५ साली नगरसेवकांच्या पगाराला वेसण घातली, पण ती फक्त राज्याच्या सर्वसाधारण कायद्याखाली चालणाऱ्या शहरांना. स्वतःची सनद, म्हणजे कारभाराची स्वतःचीच छोटी घटना, असलेलं शहर मोकळं. तर सनद घ्या! बेलने त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर खास निवडणूक घेतली. मतपत्रिकेवर पगारातला ‘प’सुद्धा नव्हता. मतं पडली चारशेपेक्षा कमी. आपल्याकडे एवढी माणसं बारशाला जेवून जातात.

आता मुख्य कला: सभा. कायदा म्हणतो, नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी लावा. जरूर लावा. फक्त ती अशी लिहा की वाचणाऱ्याला तिसऱ्या ओळीत जांभई आली पाहिजे. बेलचे नगरसेवक अर्धवेळ, पण नगरसभेखेरीज सार्वजनिक वित्त प्राधिकरण, अतिरिक्त मालमत्ता प्राधिकरण, गृहनिर्माण प्राधिकरण, घनकचरा प्राधिकरण अशा मंडळांवरही तेच. माणसं तीच, खुर्च्या त्याच, फक्त टोपी बदलायची आणि मानधन वेगळं घ्यायचं. सभा दोन-चार मिनिटांत उरकायच्या; काही तर झाल्याच नाहीत, असं सरकारी वकिलांनी पुढे कोर्टात सांगितलं. कचऱ्याने मात्र दगा दिला. २०१३ मध्ये ज्युरीने पाच माजी नगरसेवकांना दोषी ठरवलं, ते याच घनकचरा प्राधिकरणाच्या मानधनावरून. म्हणजे प्राधिकरण काढलंत, तर अधूनमधून थोडा कचरा उचलत चला.

पंगतीत सगळ्यांना सारखं वाढा, हेही ध्यानात ठेवा. २०१० मध्ये पदावर असलेल्या पाचांपैकी चौघे नगरसेवक वर्षाला लाखभर डॉलर घेत होते. पाचवे, लोरेन्झो व्हेलेझ, यांच्या पानात फक्त आठ हजार. घोळ असा, की कायद्यात बसणारा पगार साधारण तेवढाच होता! असा एक नमुना ताटावर ठेवला, की बाकीच्यांचा हिशेब शेंबडं पोरही करतं.

शहर व्यवस्थापक रॉबर्ट रिझो १९९३ मध्ये ७२ हजार डॉलरवर लागले. २०१० पर्यंत पगार ७,८७,६३७ वर पोचला. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना चार लाख मिळतात. पण त्यांच्याकडे कुठे बेल आहे?

एवढं सगळं नीट चाललेलं बुडालं कशामुळे? शेजारधर्मामुळे. २०१० मध्ये शेजारच्या मेवुड शहराने पैशांअभावी आपले सगळे कर्मचारी काढून कारभार बेलकडे सोपवायचा ठरवला. ती बातमी काढायला ‘लॉस एंजेलिस टाइम्स’चे जेफ गॉटलिब आणि रुबेन व्हिव्हेस आले आणि जाता जाता त्यांनी बेलचे पगार विचारले. झालं! जुलैत बातमी, मार्च २०११ मध्ये नगरसभा घरी, त्याच वर्षी वृत्तपत्राला पत्रकारितेचा पुलित्झर पुरस्कार, आणि २०१४ मध्ये रिझोंना बारा वर्षांची शिक्षा, वर ८८ लाख डॉलरची भरपाई. तेव्हा शेजारी बुडत असला तर खिडकी लावून घ्या.

राहता राहिली हौसमौज. शर्यतीचे घोडे पाळा, हरकत नाही. पण नाव चेतक ठेवा, राजा ठेवा. रिझोंच्या एका घोड्याचं नाव फ्रेंच होतं, आणि त्याचा अर्थ होता ‘पैसे उडवणे’.