चोवीस मिलिमीटर हवा

पासपोर्टसाठी फोटो काढायला गेलो होतो. पांढऱ्या पडद्यासमोर स्टुलावर बसलो, चष्मा काढला, हनुवटी सांगितली तेवढी वर केली.

"काका, डावा खांदा जरा वर घ्या," फोटो काढणारा मुलगा म्हणाला.

घेतला.

"अजून."

घेतला.

"आता दोन्ही सरळ ठेवा ना."

"सरळच आहेत."

त्याने कॅमेऱ्यामागून डोकं बाहेर काढलं आणि मला नीट न्याहाळलं. "रोज काही उचलता का तुम्ही?"

उचलतो. अठरा वर्षं मी डाव्या खांद्यावर एक काळी बॅग उचलतोय. तिच्यात एक डीएसएलआर कॅमेरा, एक २४-७० एफ/२.८ झूम लेन्स (२४ ला रुंद दिसतं, ७० ला लांबचं) आणि 'लागलं तर असावं' या सदरात मोडणारं बरंच काही असतं. जड सामान ही गांभीर्याची खूण आहे अशी माझी इतकी वर्षं पक्की समजूत होती. हलका कॅमेरा गळ्यात घालून शीळ वाजवत फिरणारे लोक मला मुळातच उथळ वाटायचे. पासपोर्टचा फोटो हातात आला तेव्हा मात्र शेजारचा काय कुजबुजतोय ते ऐकायला वाकलेला माणूस माझ्याकडे बघत होता. त्याच रात्री ठरवलं, मिररलेस घ्यायचा.

"मिररलेस म्हणजे?" बायकोने विचारलं.

मी वाटच बघत होतो. डीएसएलआरमध्ये सेन्सरच्या, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या पट्टीच्या, पुढे एक तिरका आरसा असतो, फोटो काढताना तो टपकन वर जातो. त्याला हलायला जागा लागते, म्हणून लेन्सला सेन्सरपासून लांब बसावं लागतं. कॅननच्या ईएफ माउंटमध्ये (माउंट म्हणजे लेन्स बसते ती खोबण) हे अंतर ४४ मिलिमीटर, निकॉनच्या एफमध्ये ४६.५. आरसाच काढून टाकला की लेन्स थेट जवळ सरकते. निकॉनच्या नव्या झेड माउंटमध्ये हे अंतर १६ वर आलंय, मी घेणार त्यात २० आहे.

"आरसा काढला ते बरंच झालं," ती म्हणाली. "तुला तुझा खांदा दिसणार नाही."

कॅमेरा आला. पाचशे ग्रॅमच्या आसपास, तळहातावर मावेल असा. कंपनी कोणती ते सांगत नाही. सांगितलं की 'त्यापेक्षा अमुक घ्यायचा होतास' असं म्हणणारा माणूस कुठूनही उगवतो. आता जुनी लेन्स काही वाईट नव्हती, मग तीच का लावू नये, असा काटकसरी विचार मनात आला. त्यासाठी दोघांना जोडणारा अडॅप्टर लागतो. तोही आणला.

अडॅप्टर खोक्यातून काढला आणि त्यातून आरपार खिडकी दिसली. दोन टोकांना धातूची कडी, विजेचे काही ठिपके, आणि मध्ये काही नाही. ना भिंग, ना आरसा. मी बराच वेळ ती नळी डोळ्याला लावून बसलो आणि मग हळूहळू उजेड पडला. जुनी लेन्स ४४ मिलिमीटरवर बसायला जन्मलेली, नवा कॅमेरा २० चा. चव्वेचाळीस वजा वीस, चोवीस. ज्या पोकळीतून सुटका व्हावी म्हणून नवा कॅमेरा घेतला, तीच पोकळी मी वेगळे पैसे मोजून परत घरी आणली होती. चोवीस मिलिमीटर हवा, काळ्या नळीत भरून, झाकणांसकट.

एवढं करून पाचशे ग्रॅमच्या कॅमेऱ्याला आठशे ग्रॅमची लेन्स लागली. टेबलावर ठेवला की तो नाकावर पडायचा. गळ्यात अडकवला की शाळेत बोलणी खाल्लेल्या पोरासारखा जमिनीकडे बघत लोंबायचा. तेव्हा मी ते ऐतिहासिक वाक्य उच्चारलं: "आता फक्त एक छोटी, हलकी झूम लेन्स घेतली की झालं."

याला तीन महिने लागले.

अडचण अशी की झूम लेन्सकडून आपल्याला जे हवं असतं ते एकमेकांच्या जिवावर उठलेलं असतं. लेन्स छोटी हवी, लांबचं आणि रुंद दोन्ही टिपणारी हवी, आणि अंधारातही चालणारी हवी. एफ/२.८ म्हणजे फोकल लेंग्थला (लेन्सवरच्या त्या २४, ७० अशा आकड्याला) २.८ ने भागून येईल तेवढं प्रकाशाचं भोक, म्हणजेच अ‍ॅपर्चर. ७० ला पंचवीस मिलिमीटर, २०० ला सत्तरच्या वर. यात घासाघीस चालत नाही. सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे फुल-फ्रेम आहे तोवर आरसा काढा नाहीतर कॅमेऱ्याचं छप्पर काढा, भोक तेवढंच लागणार आणि त्याच्याभोवती काचही तेवढी लागणार. कॅमेरे बारीक झाले म्हणून लेन्सही आपोआप बारीक होतील, हा माझा भाबडेपणा होता. आरशाची रिकामी झालेली जागा बऱ्याच लेन्सनी स्वतःच लांब होऊन बळकावली आहे.

तर मी तक्ता केला. आडवे रकाने: वजन, लांबी, सुरुवात, शेवट, अ‍ॅपर्चर, फिल्टरचा व्यास, माझ्या माउंटला मिळते की नाही. सर्वांत शेवटी 'मन काय म्हणतं' असा एक रकाना. या तक्त्याने मला एक गोष्ट फार लवकर शिकवली: जी लेन्स मनात भरते ती दुसऱ्याच माउंटची असते. सोनीची २८-६०, वजन फक्त १६७ ग्रॅम. मन म्हणतं: वा! माउंट: नाही. टॅमरॉनची २८-२००, एवढा पल्ला असून ५७५ ग्रॅम. मन म्हणतं: वा वा! माउंट: नाही. सोनीची २०-७० एफ/४, ४८८ ग्रॅम. इथे मन काही म्हणालंच नाही, नुसतं हळहळलं. सिग्माची २८-७० एफ/२.८ चारशे सत्तर ग्रॅमची आणि सोनीची २४-५० एफ/२.८ चारशे चाळीसची. यांच्यातल्या तीस ग्रॅमांचा निवाडा करण्यात माझ्या चार रात्री गेल्या. दोन्हींपैकी एकही माझ्या कॅमेऱ्याला बसत नव्हती, पण प्रश्न तत्त्वाचा होता.

त्यानंतर चोवीस की अठ्ठावीस हा पेच आला. बाहेरच्या माणसाला वाटेल, चार मिलिमीटरने काय होतंय? लांबच्या टोकाला काही होत नाही. ७० आणि ७४ मधला फरक कुणी ओळखून दाखवावा. पण रुंद टोकाला हेच चार मिलिमीटर भिंती हलवतात. २४ ला कर्णातून ८४ अंश दिसतात, २८ ला ७५. नऊ अंश म्हणजे नेमके किती, हे पाहण्यासाठी मी पुठ्ठ्याला तीनास दोन अशी आयताकृती खिडकी कापली आणि ती दोऱ्याने मापलेल्या अंतरावर डोळ्यासमोर धरून घरभर हिंडलो. दोरा दातात, पुठ्ठा हातात.

"बाबा, तू ठीक आहेस ना?" मुलीने विचारलं.

"अठ्ठावीसला," मी दातातला दोरा सोडून जाहीर केलं, "सोफ्याच्या टोकाचा माणूस कापला जातो."

"टोकाला कोण बसतं?" बायको आतून म्हणाली.

"माझा भाऊ."

"मग अठ्ठावीस घे."

सल्ला देणारेही होतेच. एक मित्र फक्त पन्नासची प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स, वापरतो. झूमचं नाव काढलं की म्हणतो, "पायांनी झूम कर." हे वाक्य उच्चारणारी माणसं दरीच्या कठड्याला टेकून कधीच उभी नसतात. दुसऱ्या मित्राने काही न बोलता खिशातून त्याचा छोट्या सेन्सरचा मायक्रो फोर थर्ड्स कॅमेरा काढला. वर पॅनासॉनिकची १२-३२ होती, ७० ग्रॅमची. माझ्या लेन्सची पुढची-मागची झाकणं आणि ऊन अडवणारा हूड मिळून जेवढं भरतं त्याहूनही ती हलकी असावी. फुल-फ्रेमच्या भाषेत ती २४-६४ होते, म्हणजे मी तीन महिने शोधत होतो जवळपास तीच.

"पण तुझा सेन्सर माझ्या एक चतुर्थांश आहे," मी म्हणालो.

"हो," तो म्हणाला. "आणि २००८ मध्ये लुमिक्स जी१ आला तेव्हापासून माझे दोन्ही खांदे सारखे आहेत."

त्याच्याशी मी पंधरा दिवस बोललो नाही.

त्या पंधरा दिवसांत एक शहाणपणाचं काम केलं. प्रत्येक डिजिटल फोटोत तो किती फोकल लेंग्थला काढला याची नोंद असते. मी मागच्या दोन वर्षांचे सगळे फोटो त्या हिशोबाने लावले. वाटलं होतं, ३५ च्या आसपास एखादा डौलदार डोंगर दिसेल, माझी कलादृष्टी म्हणून तो कुणाला दाखवता येईल. दिसले दोन खांब. एक २४ वर, एक ७० वर. मधे माळरान. एवढी अठरा-वीस भिंगांची नाजूक यंत्रणा मी विजेच्या बटणासारखी वापरत होतो, इकडे टोक नाहीतर तिकडे टोक. ७० चे फोटो उघडून पाहिले तर त्यातले बरेच आमच्या पुस्तकांच्या कपाटाचे निघाले. लेन्स कोपऱ्यात किती धारदार आहे हे तपासायला मी कपाटाचेच फोटो काढतो. घरातल्या माणसांपेक्षा त्या कपाटाचं बालपण, तारुण्य, सगळं जास्त नीट टिपलं गेलंय.

मग वजनकाटा. कंपन्या वजन सांगतात ते झाकणं आणि हूड सोडून, म्हणून मी स्वयंपाकघरातला काटा आणला आणि लेन्स सगळ्या दागिन्यांसकट त्यावर ठेवली. नऊशेला टेकली. बायको शेजारी उभी होती. तिने बॅगच उचलली आणि उरलेलं एकेक काट्यावर ठेवायला सुरुवात केली. तीन जादा बॅटऱ्या. चार्जर. दोन फिल्टर, ज्यांची लेन्स मी केव्हाच विकली. ट्रायपॉडची पट्टी, ज्याचा ट्रायपॉड कुणीतरी नेलाय. एक रेनकोट, मुलगी पहिलीत असतानाचा. आणि दमटपणा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या अकरा पुड्या, एकूण शहाण्णव ग्रॅम.

"किती ग्रॅमसाठी चार रात्री जागलास म्हणालास?"

मी पुड्या परत बॅगेत ठेवल्या. दमट हवेत भिंगाला बुरशी धरते.

शेवटी घेतली ती मिटणारी लेन्स. २४-५०, दोनशे ग्रॅमच्या आसपास. ५० नंतर काही नाही, पण माझ्या आलेखातला ७० चा खांब कपाटाचा होता हे एव्हाना मान्य झालं होतं. २४ मुळे भाऊ मावत होता. वापरात नसताना ती कासवासारखी आत जाते, कडं फिरवलं की मान बाहेर काढते. खोकं उघडल्यावर आधी वाटलं की लेन्स यायची राहिली आणि नुसतं पॅकिंग आलं.

पहिल्याच रविवारी मुलगी गच्चीत गेली, भरलेल्या डबक्याकडे धावत सुटली, दोन्ही पाय जोडून उडी घेतली. मी कॅमेरा डोळ्याला लावला, बटण दाबलं. पडद्यावर सूचना आली: झूमचं कडं फिरवून लेन्स उघडा. चूक सर्वस्वी माझी, पुस्तिकेत पहिल्याच पानावर लिहिलंय. कडं फिरवलं तोवर मुलगी चपला पिळत होती. माझ्याकडे त्या उडीचा फोटो नाही, फक्त ओल्या चपलांचे सहा आहेत. तेही सुंदर आलेत, मान्य करायला हवं.

भिंतीचे फोटो काढायचे नाहीत असं ठरवलं होतं, तरी काढले. आत जी सुधारणा कॅमेरा आपण होऊन करतो ती बंद केली, तर २४ ला विटांची सरळ भिंत पोट सुटल्यासारखी पुढे आली. सुधारणा चालू केल्यावर तिने श्वास ओढून पोट आत घेतलं. काच वाचवायची आणि उरलेलं गणिताने सरळ करायचं, हे छोट्या लेन्सचं गुपित. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पासपोर्टवाल्या मुलाला हे जमलं असतं तर माझं बरंच काही वाचलं असतं.

संध्याकाळी मात्र हिशोब द्यावा लागला. ५० ला ही लेन्स एफ/६.३ वर येते, म्हणजे आठ मिलिमीटरचं भोक, शर्टाच्या बटणाहून लहान. जुन्या लेन्समधून यायचा त्याच्या पाचव्या हिश्शाएवढा प्रकाश. दिवे लागल्यावर घरात काढलेल्या फोटोत कॅमेऱ्याने आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, एवढी चढवली की बायकोच्या गालावर मुंग्यांची सभा भरली. "संध्याकाळसाठी जुनी सोबत असावी," मी म्हणालो. कुणी काही बोललं नाही, ते मी संमती धरलं.

पुढच्या सहलीला निघताना बायकोने टेबलावरचा कॅमेरा उचलला, छोट्या लेन्ससकट पर्समध्ये टाकला आणि चेन लावली. "मावतो की!" तिला स्वतःलाच नवल वाटलं. दिवसभर तो तिच्याकडेच होता. तिने एकदाही तक्ता पाहिला नाही, पुठ्ठा वापरला नाही, कडं मात्र प्रत्येक वेळी आधीच फिरवलेलं असायचं. तिने काढलेल्या फोटोंत अठरा वर्षांत पहिल्यांदा मी आहे. सगळ्यांत डावा खांदा खाली आहे, कारण जुनी लेन्स, अडॅप्टर, तीन बॅटऱ्या आणि शहाण्णव ग्रॅम पुड्या घेऊन काळी बॅग माझ्या खांद्यावर होती. कॅमेरा तेवढा तिच्यात नव्हता.

परतताना चढ लागला. मुलगी मागे राहिली होती ती धावत आली आणि माझ्या बॅगेला खालून हात लावून बघू लागली.

"बाबा, कॅमेरा तर आईकडे आहे. मग यात काय आहे एवढं?"

"हवा," मी धापा टाकत म्हणालो. "चोवीस मिलिमीटर."