कढीपत्त्याच्या कुंडीतला बनियन

माझा बनियन कढीपत्त्याच्या कुंडीत पुरला गेला तेव्हा मी आंघोळीला गेलो होतो. बाहेर येऊन बघतो तर खुंटी रिकामी आणि लेक गॅलरीत माती थोपटतेय. "बाबा, तो सँपल आहे. नऊ आठवड्यांनी मिळेल." शेजारच्या कुंडीत तिच्या जुन्या पॉलिस्टर टॉपची बाही गाडलेली. दोन्हींवर रोज तांब्याभर पाणी घालायचं काम अर्थातच माझं.

आठवीचा विज्ञान प्रकल्प. विषय फास्ट फॅशन, म्हणजे स्वस्तात घ्या, चारदा घाला, टाकून द्या. आता आम्ही पडलो कोथरूडचे. आमचा टी-शर्ट आधी बाहेरचा असतो, मग घरातला, मग रंगपंचमीचा, मग स्कूटर पुसायचा. तरी चौकशीची सुरुवात माझ्याच कपाटापासून झाली. ३१ टी-शर्ट निघाले! निम्मे फुकटातले: कंपनीचे, मॅरेथॉनचे (धावलो नव्हतो, नाव नोंदवलं होतं), गणपती मंडळाचे. त्यातले १९ सुती. एका सुती टी-शर्टमागे, कापसाच्या शेतापासून धरलं तर, साधारण २,७०० लिटर पाणी लागतं म्हणे.

"एक्कावन्न हजार तीनशे लिटर," लेक वहीतून वर न बघता म्हणाली. "पाच टँकर, बाबा."

आमच्या सोसायटीत टँकरचा खर्च कोणामुळे वाढतो याचा शोध चेअरमन दोन वर्षं घेतायत. त्यांना हे कळू दिलेलं नाही.

मग आली ज्वलन चाचणी. कापडाचा धागा चिमट्यात धरून मेणबत्तीवर न्यायचा. सुताचा असेल तर कागद जळल्याचा वास आणि मऊ राखाडी राख. रेशीम असेल तर केस जळल्याचा वास, आणि टोकाला होणारी काळी गोळी बोटांत चुरडली की भुगा. पॉलिस्टर मात्र आधी आक्रसतं, मग वितळतं आणि त्याचा टणक मणी होतो. ते मुळात पेट्रोलियमपासूनच केलेलं. इथवर सगळं ज्ञानवर्धक होतं.

"आई, रेशमाचा नमुना हवाय. बाबांनी आणलेल्या साडीचा एक धागा काढू?"

मी "नको" म्हणालो. जरा जास्तच पटकन म्हणालो असेन, कारण बायको हातातला झारा ठेवून स्वयंपाकघरातून बाहेर आली. लग्नाच्या पंधराव्या वाढदिवसाला लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानातून मी ती आणली होती. 'प्युअर सिल्क' असं दुकानदार तीनदा म्हणाला होता. किंमत ऐकून मला शंका आली होती, पण स्वस्त मिळाल्याच्या आनंदात ती मी गिळली.

पदराचा धागा ज्योतीवर गेला. केसांचा वास यावा म्हणून मी मनोमन देवाला साकडं घातलं. धागा आक्रसला, काळा धूर निघाला आणि चिमट्याच्या टोकाला मोहरीएवढा मणी लटकला. बायकोनं तो चुरडायचा प्रयत्न केला. मणी जागचा हलला नाही. मी खिडकीबाहेर बघत होतो.

दुसऱ्या दिवशी साडी बोहारणीपुढे गेली. तिनं मेणबत्ती मागितली नाही. पदर दोन बोटांत चोळला, बाजूला सारला. "ताई, हे पॉलिस्टर. पाणी पीत नाय. फरशी पुसायलाबी कामाचं नाय." पातेल्याच्या जागी चहाचं गाळणं द्यायला ती तयार झाली. बायकोनं साडी परत आत नेली. गाळण्यात निघणारी साडी मी आणली होती, हे दारात जाहीर करायची तिची इच्छा नसावी. घरात मात्र काही हरकत नव्हती.

नवव्या आठवड्यात कुंड्या उकरल्या. बाही नळाखाली धरली तर निघाली जशीच्या तशी, इस्त्री केली असती तर एखाद्या लग्नाला चालली असती. बनियनचं कापड मातीनं खाऊन टाकलं होतं. उरले होते काही चिंध्यांचे पापुद्रे आणि खांदे, गळा, काखा यांची शिलाई. जणू कोणी दोऱ्यानं बनियनचं चित्र काढलंय. शिलाईचा दोरा पॉलिस्टरचा असतो, हा प्रकल्पातला बोनस निष्कर्ष. आणि गळ्याशी एक पांढरीशुभ्र, झुळझुळीत पट्टी लोंबत होती. लेकीनं माती झटकून वाचलं: 'शंभर टक्के कॉटन'.

तिनं चिमटा आणला. पट्टीचा कोपरा ज्योतीवर धरला. मणी.

"टाकू नकोस ते लेबल," बायको म्हणाली. "माझ्या साडीला लावते."