वीस मार्कांत पास, आणि माझी पावकी

शनिवारी सकाळी इथे जर्मनीत रिकाम्या बाटल्या परत द्यायला सुपरमार्केटात गेले होते, मशीनसमोर उभी असताना मावसभावाचा, दादाचा, मेसेज आला, "गणित रोजच्या आयुष्यात कुठे लागतं ते एकदा सांग, पायथागोरस घेऊन कोण भाजी आणायला जातं?" त्याचा मुलगा दहावीला आहे, गणितात सारखा 25-30 च्या घरात अडकतो, आणि 2024 च्या ऑक्टोबरमध्ये ती राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्याची बातमी आली होती ना, गणित-विज्ञानात 35 ऐवजी 20 मिळाले तरी पास, फक्त गुणपत्रिकेवर शेरा येणार की पुढे या विषयांचं शिक्षण घेता येणार नाही, ती आमच्या घरच्या ग्रुपवर अजून फिरतेय. दादाला ती पटलीय. मला तेव्हाही चीड आली होती, आजही येते.

मी तिथेच त्याला लिहिलं, माझ्या पिशवीत 14 बाटल्या आहेत, प्रत्येकीच्या अनामतीचे 25 सेंट परत मिळतात, म्हणजे पाव युरो. चौदा पाव साडेतीन. मशीनमधून चिठ्ठी यायच्या आधी मला माहीत असतं किती येणार ते. एकदा दोन बाटल्या मशीनने मोजल्याच नाहीत, चिठ्ठी तीनची आली, तिथल्या तिथे सांगितलं आणि पैसे मिळाले. ही पावकी, म्हणजे पावाचा पाढा, मला कुठल्या शाळेने शिकवली नाही, कराडला आमचं किराणा दुकान होतं तिथे आजोबांनी शिकवली. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, संध्याकाळी दिवा लागला की सगळी मुलं ओळीत बसून. सव्वादोन किलो शेंगदाणे आणि पावणेदोन किलो साखर यांचा हिशेब आजोबा गिऱ्हाइकाची पिशवी भरून व्हायच्या आत सांगायचे, आणि ते जेमतेम चौथी शिकलेले.

दादाचं उत्तर ठरलेलं. "तू तिकडे बसून इकडचं काय सांगतेस." हे वाक्य मला 14 वर्षांत किती वेळा ऐकावं लागलंय. पण मी इकडे आहे म्हणूनच मला काही गोष्टी दिसतात, असं मला खरंच वाटतं. इथे स्टुटगार्टला गणित पहिलीपासून मुख्य विषय, त्यात सूट मागायचं कोणाच्या मनात येत नाही. (पिसा या शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत 2022 मध्ये जर्मनीचे गणिताचे गुण 475 वर आले, त्यांचे तोवरचे सगळ्यात कमी, हे दादाने लगेच शोधून पाठवलं. बरोबर आहे त्याचं. पण म्हणून इथे कोणी पासाची रेघ 20 वर आणा असं म्हणालेलं मी तरी ऐकलं नाही.)

आता मागच्या वर्षीचं सांगते. आमच्या बिल्डिंगचं नेबेनकोस्टेनचं, म्हणजे भाड्याव्यतिरिक्तच्या सामायिक खर्चाचं, वर्षाचं बिल आलं, एकूण खर्च 9200 युरो, आमचं घर 74 चौरस मीटर, आमच्या वाट्याला 1850. मला आकडा मोठा वाटला म्हणून कागद घेऊन बसले. 9200 भागिले 368, म्हणजे मीटरमागे 25, गुणिले 74, 1850 बरोबर येतात. पण 368 कुठून आले? माळ्यावरचं 44 मीटरचं घर त्यांनी एकूण क्षेत्रफळात धरलंच नव्हतं. 412 ने भागलं की आमचे होतात 1652. जवळजवळ 200 युरोचा फरक, आणि यात सातवीच्या वरचं काही नाही. घरमालकाला पत्र लिहिलं, बिल बदलून आलं. शेजारच्या गृहस्थांनी तोवर त्यांचे पैसे भरून टाकले होते, मला हसत म्हणाले, गणितात मी कायम कच्चा. इथली माणसं हे अगदी सहज सांगतात, आणि मला ते फार लागतं, कारण "मला वाचता येत नाही" असं हसत कोणी सांगेल का?

दादा म्हणतो तो मुद्दा मला कळत नाही असं नाही. नापासाच्या शिक्क्याने मुलं शाळा सोडतात, हे खरंय, त्याचं मलाही वाईट वाटतं. पण 20 मार्कांवर पुढे ढकललेला हाच मुलगा उद्या गाडीच्या कर्जाचा कागद हातात घेऊन बसणार ना. एक लाख, एक वर्ष, 12 टक्के फ्लॅट, हप्ता 9333. ऐकायला 12 टक्के. पण दर महिन्याला मुद्दल फिटत जातं आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावरच चालू राहतं, घटत्या शिलकीवर मांडलं तर तोच दर साडेएकवीसच्या आसपास जातो. हे ज्याला मांडता येत नाही तो जवळजवळ दुप्पट व्याज भरतो आणि त्याला ते कळतही नाही. त्याच्या गुणपत्रिकेवर "हे तुझं नाही" असा शेरा मारायचा म्हणजे त्याला कर्ज देणाऱ्याच्या टेबलासमोर एकटं सोडायचं.

आणि एक कबूल करायचंय. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात एकवीसला "वीस एक" आणलं तेव्हा मी इथून सगळ्यात जास्त आरडाओरडा केला होता, बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांच्याबद्दलही रागाने लिहिलं. लहान मुलांना जोडाक्षरं आणि उलटा क्रम जड जातो, एवढंच त्या सांगत होत्या. नंतर माझी लेक इथे शाळेत गेली आणि आइन-उंट-त्स्वान्त्सिग, एक-आणि-वीस, यात अडखळायला लागली, 43 ऐकून 34 लिहायची. मग कळलं, जर्मनमध्येही आपल्यासारखाच एकक आधी, आणि तेच बदलून "वीस-एक" म्हणा असं सांगणारी संस्था इथल्याच बोखुम शहरात 2004 पासून आहे. नॉर्वेने तर 1951 मध्येच हा क्रम बदलला. मंगलाताई 2023 मध्ये गेल्या, माझे ते मेसेज तसेच राहिले.

तेव्हा मी एकवीससाठी भांडत होते ते मुलांसाठी नव्हतं, हे आता कळतं. मी ऑफिसात जर्मन बोलते, नवऱ्याशी अर्धं इंग्लिश, स्वप्नंसुद्धा आता कुठल्या भाषेत पडतात सांगता येत नाही. पण पैसे मोजताना, औषधाचे थेंब मोजताना, जिने चढताना आतून मराठीच येते, सत्तावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ. काउंटरवरची बाई जर्मनमध्ये सात-आणि-ऐंशी म्हणते आणि माझ्या मनात थेट सत्त्याऐंशी उमटतं, मध्ये इंग्लिश लागत नाही. तेवढीच एक जागा उरलीय जिथे मी अजून कराडच्या दुकानात बसलेली असते. म्हणून कोणी गणित कशाला हवं म्हटलं की माझा आवाज चढतो. लेकीला एकोणसाठ म्हणजे किती ते सांगता येत नाही, तिला मीच कधी ओळीत बसवलं नाही.

पुढच्या रविवारपासून भाच्याला व्हिडिओ कॉलवर घेणार आहे, आमचे दहा, त्यांचे अडीच. लेकही शेजारी बसेल, सुरुवात पावकीपासून. त्याला म्हटलंय पुस्तक नंतर उघडू, आधी बाबांच्या कपाटातून गाडीच्या कर्जाचा कागद घेऊन ये.