तीन नंबरची जागा आणि गाव सोडणारे

एप्रिल २०२५ मध्ये यशस्वी जयस्वालने मुंबई सोडून गोव्याकडून खेळण्याची परवानगी मागितली, तेव्हा आमच्या सांगलीच्या शाळूसोबत्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. मुंबईने वाढवले आणि पंख फुटताच हा निघाला, असा बहुतेकांचा सूर होता. पुढच्याच महिन्यात त्याने तो विचार मागे घेतला, पण तोवर गटावर बोलायचे ते बोलून झाले होते. हा मुलगा मुळात उत्तर प्रदेशातील भदोहीहून आलेला, आझाद मैदानावरच्या तंबूत राहून क्रिकेट शिकलेला; म्हणजे तो एक गाव आधीच सोडून आला होता आणि त्याचे ते सोडणे आपण जिद्द म्हणून मिरवले होते, एवढेच मी लिहिले. त्यावर एकाने उत्तर दिले, ‘तू कशाला बोलतोस? तूच तर गेलास.’

गेली अठरा वर्षे मी अमेरिकेच्या ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन या गावी राहतो. एकेकाळी जगाची रबर-राजधानी म्हणवणारे हे गाव. मी इथे पॉलिमर शिकायला आलो आणि त्याच धंद्यात राहिलो. मात्र अमेरिकेत अ‍ॅक्रनचे नाव निघाले की आता टायर कुणाला आठवत नाहीत, लेब्रॉन जेम्स आठवतो. तो १९८४ साली इथेच जन्मला आणि इथल्याच शाळेतून, कॉलेजची पायरी न चढता, २००३ साली थेट शेजारच्या क्लीव्हलंडच्या व्यावसायिक संघात गेला. त्यामुळे इतिहासातला सर्वश्रेष्ठ स्मॉल फॉरवर्ड कोण, हा वाद इथे नळावरच्या भांडणासारखा रोजचा आहे. वाद खेळाचा असला, तरी त्याच्या तळाशी कोण राहिला आणि कोण निघून गेला हाच हिशेब असतो, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

आधी ही जागा समजून घ्यायला हवी. बास्केटबॉलमध्ये प्रत्येक बाजूचे पाच जण मैदानात असतात आणि त्यांच्या जागा एक ते पाच या क्रमांकांनी ओळखल्या जातात. एक नंबरचा चेंडू पुढे आणतो आणि खेळ मांडतो, दोन नंबरचा लांबून नेम धरतो, चार आणि पाच नंबरचे रिंगखालची रेटारेटी सांभाळतात. तीन नंबरचा तो स्मॉल फॉरवर्ड. नावात ‘स्मॉल’ असले तरी तो बहुधा साडेसहा फुटांच्या आसपासचा किंवा त्याहून उंच असतो, आणि त्याला ठरलेले असे काम नसते. एकत्र कुटुंबातल्या मधल्या भावासारखी त्याची अवस्था असते: थोरल्याचा मान नाही, धाकट्याचे लाड नाहीत, पण लग्नाच्या मांडवापासून कोर्टाच्या तारखेपर्यंत जिथे माणूस कमी पडेल तिथे त्यानेच उभे राहायचे. म्हणून या जागेवरच्या खेळाडूला मोजताना त्याच्या संघात काय उणे होते आणि ते त्याने किती भरून काढले, हे पाहावे असे माझे मत आहे. इथला रेडिओ मात्र अंगठ्या मोजतो. अजिंक्यपद मिळवलेल्या संघातील खेळाडूंना अंगठी देतात, आणि ज्याच्या बोटांत अंगठ्या जास्त तो मोठा, असा सरळ हिशेब असतो.

आमच्या घरीही असाच हिशेब होता, फक्त अंगठ्या नव्हत्या. विजय हजारे सांगलीत जन्मले, म्हणून वडील हजाऱ्यांच्या बाजूचे. काका विजय मर्चंटच्या बाजूचे. दोघांपैकी एकानेही या फलंदाजांना मैदानावर पाहिलेले नव्हते, पण त्यामुळे आवाज कमी होत नसे. वडिलांचे हुकमी पान म्हणजे धर्मानुसार संघ पाडलेल्या १९४३ च्या पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना: ‘रेस्ट’ म्हणजे उरलेल्या धर्मीयांच्या संघाच्या दुसऱ्या डावातील ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या, आणि ३०० धावांच्या भागीदारीत दुसऱ्या टोकाला उभ्या राहिलेल्या भावाच्या, विवेक हजाऱ्यांच्या, २१. काका शांतपणे विचारीत, ‘सामना कोण जिंकला?’ तो हिंदू संघाने डावाने जिंकला होता आणि त्यात मर्चंट यांच्या नाबाद २५० होत्या. पुढे जानेवारी १९९९ मध्ये चेन्नईला दुखऱ्या पाठीने सचिनने १३६ धावा केल्या आणि भारत १२ धावांनी हरला, तेव्हा काकांचा तोच प्रश्न साऱ्या देशाने सचिनला विचारला.

हा प्रश्न लेकर्स संघाच्या एल्जिन बेलर या स्मॉल फॉरवर्डवर सर्वांत जास्त अन्याय करतो. १९६१-६२ च्या मोसमात तो सैन्याच्या राखीव दलातील सेवेसाठी वॉशिंग्टन राज्यातील छावणीत होता आणि सुट्टी मिळेल तेव्हा विमान पकडून सामन्याला पोचत होता. सराव नाही, संघाबरोबर प्रवास नाही. अशा अवस्थेत त्याने ४८ सामने खेळले आणि सामन्यामागे ३८.३ गुण मिळवले. त्या मोसमाच्या अंतिम मालिकेत बॉस्टनविरुद्ध, बॉस्टनच्याच मैदानावर, पाचव्या सामन्यात त्याने ६१ गुण केले. अंतिम मालिकेतील एका सामन्यातला तो उच्चांक अजून मोडलेला नाही. तो सामना लेकर्स जिंकले, पण मालिका सातव्या सामन्यात जादा वेळेत गमावली. बेलर एकूण आठ अंतिम मालिका हरला, त्यांतल्या सात एकट्या बॉस्टनकडून. १९७१ च्या नोव्हेंबरात गुडघ्यांनी साथ सोडल्यावर तो मोसमाच्या सुरुवातीलाच निवृत्त झाला, तर त्यानंतर लेकर्सनी सलग ३३ सामने जिंकले आणि मोसमाअखेर अजिंक्यपदही. दैवाने इतकी क्रूर थट्टा करावी हे पटत नाही. सहा फूट पाच इंच उंचीच्या या माणसाने सामन्यामागे सरासरी २७.४ गुण आणि १३.५ रिबाउंड मिळवले. रिंगवरून परतलेला चेंडू आपल्याहून हातभर उंच माणसांमधून काढणे, याला रिबाउंड म्हणतात. चेंडू हिसकावण्याची आणि अडवलेल्या फेकींची नोंद तर १९७३-७४ पासून सुरू झाली. बेलरच्या काळातले ते काम कागदावर उतरलेच नाही. आणि जानेवारी १९५९ मध्ये पश्चिम व्हर्जिनियातील चार्ल्सटन येथे हॉटेलने कृष्णवर्णीय खेळाडूंना खोल्या नाकारल्यावर तो सामन्यालाच उतरला नाही, हे कोणत्या रकान्यात लिहायचे? माझ्या यादीत तो तिसरा आहे. वयाने लहान असलेल्या इथल्या मित्रांना हे हट्टीपणाचे वाटते.

दुसरा लॅरी बर्ड. बॉस्टनने आदल्या मोसमात ८२ पैकी २९ सामने जिंकले होते. इंडियानातील फ्रेंच लिक या खेड्यातला हा मुलगा १९७९ मध्ये आला आणि त्या मोसमात ६१ जिंकले. तीन अजिंक्यपदे, १९८४ ते १९८६ सलग तीन वर्षे सर्वोत्तम खेळाडूचा मान. परंतु मला आकड्यांपेक्षा २६ मे १९८७ चे पाच सेकंद सांगायचे आहेत. डेट्रॉइट एका गुणाने पुढे, चेंडू त्यांच्याच हातात, बाहेरून आत फेकायचा एवढेच बाकी. आयझेया थॉमसने तो संथपणे आपल्या सहकाऱ्याकडे टाकला. बर्ड दुसऱ्याच खेळाडूजवळ उभा होता. तिथून झेपावून त्याने चेंडू पकडला आणि तोल जाऊन रेषेबाहेर पडता पडता मागे वळला. वळेपर्यंत डेनिस जॉन्सन रिंगकडे धावत सुटला होता. बर्डने चेंडू त्याच्या हातात दिला आणि बॉस्टनने १०८-१०७ असा सामना जिंकला. स्वतः फेकण्याचा मोह त्या क्षणी कुणाला टळला असता? १९८५ च्या उन्हाळ्यात आईच्या घराचा रस्ता स्वतः फावड्याने करताना त्याने पाठ दुखावून घेतली आणि पुढे ती त्याला पुरली नाही. कोट्यवधी कमावणाऱ्याने मजूर का लावला नाही, हा प्रश्न फक्त शहरी माणसालाच पडतो.

पहिल्या स्थानावर मी लेब्रॉनला ठेवतो. काही जाणकार म्हणतात की तो स्मॉल फॉरवर्ड नव्हेच. चेंडू तोच आणतो, २०१९-२० मध्ये सर्वाधिक असिस्ट, म्हणजे सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास, तेही त्याचेच होते, तेव्हा त्याला एक नंबरचा म्हणा. हे म्हणजे लॉर्ड्‌सवर १९५२ साली ७२ आणि १८४ धावा करून वर पाच बळी घेणाऱ्या विनू मांकडांना फलंदाजांच्या यादीत घ्यायचे की गोलंदाजांच्या, यावर भांडण्यासारखे आहे. २०१६ च्या अंतिम मालिकेत गुण, रिबाउंड, असिस्ट, हिसकावलेले चेंडू आणि अडवलेल्या फेकी या पाचही बाबतींत तो दोन्ही संघांत मिळून पहिला होता, आणि असे त्यापूर्वी कुणाला जमले नव्हते. सातव्या सामन्याची शेवटची दोन मिनिटे, ८९-८९ अशी बरोबरी, प्रतिस्पर्धी गोल्डन स्टेट संघाचा आंद्रे इग्वोडाला मोकळ्या रिंगखाली सोपा चेंडू टाकायला उडालेला. लेब्रॉन जवळजवळ सगळे मैदान मागून धावत आला आणि तो चेंडू त्याने काचेच्या फळीवर दाबून अडवला. क्लीव्हलंडला १९६४ नंतर कोणत्याही मोठ्या खेळात मिळालेले ते पहिले अजिंक्यपद.

याच माणसाची जर्सी इथल्या लोकांनी जाळली होती. ८ जुलै २०१० रोजी तो दूरचित्रवाणीवर, साऱ्या देशासमोर, आपण मायामीला जात असल्याचे सांगून मोकळा झाला. जाहीर करण्याची ती तऱ्हा उद्दामपणाची होती, हे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. माझ्या शेजारचे गृहस्थ टायर कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी त्यांची २३ क्रमांकाची जर्सी जाळली नाही, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून गॅरेजच्या सर्वांत वरच्या फळीवर, रंगाच्या रिकाम्या डब्यांमागे ठेवली. २०१४ मध्ये तो परत आला तेव्हा शिडी मी धरली होती. जर्सीला टर्पेंटाइनचा वास लागलेला होता.

तेव्हापासून मी निष्ठेचा हिशेब वेगळा मांडू लागलो. खेळाडू गेला की द्रोह, आणि मालक अख्खा संघ उचलून नेतो तो मात्र व्यवहार. बेलरने लेकर्स कधी सोडले नाहीत, पण १९६० मध्ये लेकर्सनीच मिनीआपोलिस सोडून लॉस एंजेलिस गाठले. क्लीव्हलंडचा अमेरिकन फुटबॉलचा संघ १९९६ साली बाल्टिमोरला नेला गेला. अ‍ॅक्रनमधले टायरचे कारखाने एकामागून एक बंद झाले, आणि १९६० मध्ये सुमारे २ लाख ९० हजार असलेली वस्ती २०२० पर्यंत सुमारे १ लाख ९० हजारांवर आली. शिवाय जुन्या खेळाडूंची निष्ठा पुष्कळशी कराराने बांधलेली होती. ऑस्कर रॉबर्टसनच्या नावाने चाललेल्या खटल्यात १९७६ मध्ये तडजोड होईपर्यंत करार संपला तरी खेळाडूवरचा संघाचा हक्क संपत नसे. जाण्याची मुभाच नसलेल्याच्या राहण्याचे किती कौतुक करायचे?

या न्यायाने मला केव्हिन डुरँटवरचा रागही सोडावा लागला, आणि तो सहजासहजी सुटला नाही. २०१६ मध्ये ओक्लाहोमा सिटीने गोल्डन स्टेटविरुद्ध ३-१ अशी आघाडी घालवली आणि सव्वा महिन्यात हा त्याच गोल्डन स्टेटमध्ये दाखल झाला. तिथे २०१७ आणि २०१८ ची अजिंक्यपदे मिळवली. मी कित्येक वर्षे म्हणत आलो की या अंगठ्या खऱ्या नाहीत. परंतु ओक्लाहोमा सिटीचा हा संघ २००८ मध्ये सिअ‍ॅटलहून उचलून आणलेला होता, आणि डुरँट आपला पहिला मोसम सिअ‍ॅटलमध्येच खेळला होता. लेब्रॉनला माफी आणि डुरँटला नाही, असे म्हणायला माझ्याकडे तो अ‍ॅक्रनचा नाही यापलीकडे कारण उरत नाही. तरीही तो माझ्या यादीत चौथा आहे, कारण नेमबाज म्हणून तो या सर्वांच्या पुढे असला तरी दुसऱ्याला मोकळे करण्यात बर्डच्या जवळपासही नाही. ज्युलियस अर्व्हिंग त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा आहे. त्याची उमेदीची वर्षे एनबीए या मुख्य लीगच्या प्रतिस्पर्धी एबीए लीगमध्ये गेली म्हणून लोक ती विसरतात, पण दोन्ही लीग मिळून त्याचे ३०,०२६ गुण आहेत. स्कॉटी पिपेनला सहा अंगठ्या असूनही कुणी पहिल्या तिनांत घेत नाही, यावरून अंगठ्यांचा हिशेब करणाऱ्यांनाही तो हिशेब मनातून पटत नसावा.

मागच्या आठवड्यात शेजाऱ्यांनी त्यांची यादी एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर मार्करने लिहून दाखवली: लेब्रॉन, हॅवलिचेक, बर्ड. बेलर नाहीच. जॉन हॅवलिचेक थोर खरा, आठ अजिंक्यपदे, २६,३९५ गुण, पण दुसरा? मी म्हणालो, तो १९६२ ते १९७८, सोळा मोसम, फक्त बॉस्टनकडून खेळला, क्लीव्हलंडशी संबंध एवढाच की तिथल्या फुटबॉल संघाने त्याला निवडून सराव शिबिरातच वगळले. तुम्ही तर निघून जाणाऱ्यांची जर्सी माळ्यावर टाकता. ते म्हणाले, ‘जाऊ दे की. मुलगा मार्टिन्स फेरीचा आहे. आपल्या ओहायोचा.’

हजारे बडोद्याकडून खेळले, तिथेच स्थायिक झाले आणि २००४ साली तिथेच वारले. वडिलांनी त्यांना शेवटपर्यंत कधी बडोद्याचे म्हटल्याचे मला आठवत नाही. मी मार्कर घेऊन पुठ्ठ्याच्या कडेला बेलरचे नाव लिहिले, आणि शेजाऱ्यांनी ते लगेच खोडले.